प्राणवायूची साक्ष : मोटारीच्या दोषनिदानाचा इतिहास

यंत्राचा इतिहास सांगावयाचा म्हणजे ते कोणी व कधी शोधून काढले एवढे सांगून आपण बहुधा थांबतो. परंतु प्रत्येक यंत्राला दुसराही एक इतिहास असतो. ते बिघडल्यावर दोष नेमका कोठे आहे हे माणसाने कसे ओळखले, त्यासाठी प्रथम कोणत्या इंद्रियावर भिस्त ठेवली आणि पुढे कोणत्या उपकरणावर, हा तो इतिहास होय. मोटारीच्या बाबतीत तो मोठा बोधप्रद आहे. ज्या गावात मोटारी तयार होतात आणि ज्या गावातून मुंबई-आग्रा रस्ता जातो, त्या नाशिकच्या नागरिकांना तर तो परका वाटू नये.

मूळ प्रश्न साधा आहे. पेट्रोल एकटे जळत नाही. त्याला हवेतील प्राणवायू लागतो. वजनाने एक भाग पेट्रोल पुरते जळावयाचे तर सुमारे १४.७ भाग हवा हवी. पेट्रोल याहून अधिक झाले की आपले मेस्त्री म्हणतात, मिक्श्चर रिच झाले. कमी पडले की लीन झाले. चुलीत लाकडे कोंबली आणि वारा मिळाला नाही तर घरभर धूर होतो, तशीच रिच मिश्रणाची गत. गाडी काळा धूर ओकते, पेट्रोल खाते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर टाकते. लीन मिश्रणाने गाडी अडखळते, मिसिंग करते, चढावर तिचा दम सुटतो आणि इंजिन तापते.

हे प्रमाण राखण्याचे काम सुमारे ऐंशी-नव्वद वर्षे कार्बोरेटरने केले. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने फवाऱ्याचा कार्बोरेटर सिद्ध केला. त्याची युक्ती अशी की, अरुंद गळ्यातून वेगाने जाणारी हवाच बारीक जेटमधून पेट्रोल ओढून घेते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, ती याच तत्त्वावर चाले. आणि १९८३ साली आलेली मारुती ८०० सुद्धा प्रथम कार्बोरेटरचीच होती.

त्या काळचे निदान इंद्रियांचे होते. मेस्त्री प्लग खोलून त्याचा रंग पाही. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काजळी धरली असेल तर रिच, खडूसारखा पांढरा पडला असेल तर लीन. मग स्क्रू-ड्रायव्हरने मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवीत तो इंजिनाच्या आवाजाकडे कान लावी आणि आवाज जेथे एकसारखा लागे तेथे थांबे. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात जाई. त्याला मर्यादाही होती. कसारा घाट चढून मोटार सुमारे सहाशे मीटर उंचीवर आली की हवा विरळ होते. पण जेटचे भोक मुंबईत होते तेवढेच राहते, आणि मिश्रण आपोआप थोडे रिच होते. थंडीतली पहाट आणि वैशाखातली दुपार यांनाही त्या भोकाजवळ वेगळे उत्तर नव्हते. एकदा बसवलेले प्रमाण हेच त्याचे सर्व शहाणपण.

ही व्यवस्था बदलली ती मोटारीच्या सोयीसाठी नव्हे, तर माणसाच्या श्वासासाठी. अमेरिकेत लॉस एंजल्स शहरावर डोळे झोंबवणारे धुके पसरू लागले. १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला. हा गृहस्थ त्यापूर्वी अननसाच्या वासाचे पृथक्करण करीत होता. मोटारींतून निघणारी न जळलेली द्रव्ये व नत्राचे वायू यांच्यावर ऊन पडले की हे धुके तयार होते, हे त्याने दाखवून दिले. १९७० साली अमेरिकेने हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा केला. धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायूंचे रूपांतर करणारा उत्प्रेरक, बसवण्याचा मार्ग निघाला. परंतु तिन्ही प्रकारचे दूषित वायू एकाच वेळी नाहीसे करणारा उत्प्रेरक मिश्रण १४.७ च्या अगदी जवळ राहिले तरच नीट काम करतो. इतकी बारकाई स्क्रूच्या पाव फेऱ्याने साधणारी नव्हती. जळून गेल्यावर धुरात प्राणवायू किती उरला हे क्षणोक्षणी सांगणारा कोणीतरी हवा होता.

तो सापडला एका जुन्या दिव्याच्या सामग्रीत. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट याने १८८९ साली विजेच्या घटाचे आपले प्रसिद्ध समीकरण मांडले होते, आणि १८९७ साली त्याने झिर्कोनियाच्या कांडीचा दिवा केला होता. ही चिनी मातीसारखी वस्तू थंड असताना वीज वाहू देत नाही. तापली की तिच्यातून प्राणवायूचे भारित कण सरकू लागतात. तिच्या एका बाजूस बाहेरची हवा व दुसऱ्या बाजूस इंजिनाचा धूर ठेवला, तर दोहोंकडील प्राणवायूच्या फरकाप्रमाणे विजेचा दाब उत्पन्न होतो. धुरात प्राणवायू जवळजवळ नसेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट, प्राणवायू उरला असेल, म्हणजे लीन असेल, तर सुमारे ०.१ व्होल्ट. बॉश कंपनीने या तत्त्वावर केलेला ऑक्सिजन सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या अमेरिकेस जाणाऱ्या मोटारींत प्रथम बसला. सेन्सरने सांगावे, इंजिनाच्या संगणकाने पेट्रोलचा फवारा किंचित वाढवावा अथवा घटवावा, पुन्हा सेन्सरने सांगावे, असा अखंड संवाद सुरू झाला.

आपल्या देशात ही गोष्ट उशिरा आली. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक सक्तीचा झाला, आणि शिशाने उत्प्रेरक व सेन्सर दोन्ही निकामी होतात म्हणून शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी आले. २००० साली शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. पीयूसीच्या तपासणीत चारचाकीस पूर्वी ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालत असे. २००४ च्या ऑक्टोबरपासून नव्या पिढीच्या मोटारींस ती मर्यादा ०.५ टक्के झाली. हा फरक कानाने व डोळ्याने गाठता येण्याजोगा नव्हता. पुढे भारत स्टेज चार २०१७ साली व भारत स्टेज सहा २०२० साली देशभर लागू झाले.

नाशिकचा संबंध येथे येतो. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळामुळे सातपूरचे माळ कारखान्यांनी भरले. त्यांत मायको होती. ती २००८ साली बॉश या नावाने ओळखली जाऊ लागली. डिझेलचा फवारा मारणाऱ्या बारीक नोझलांचे काम आपल्या गावच्या कामगारांनी तेथे केले. महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातून २००२ साली स्कॉर्पिओ निघाली आणि २००७ साली रेनॉच्या सहकार्याने लोगन. म्हणजे ज्या गावाने इंधनाच्या फवाऱ्याची सूक्ष्मता हाताने घडवली, त्याच गावच्या गॅरेजांत तिचे दोष ओळखण्याचा प्रश्न उभा राहिला.

आणि येथेच आम्हांस मुख्य मुद्दा मांडावयाचा आहे. आता मोटारीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. स्कॅनर जोडला की पी-०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी-०१७२ म्हणजे रिच, असे आकडे दिसतात. पुष्कळदा लगेच सांगितले जाते, सेन्सर गेला, बदला. सेन्सर बदलला जातो, गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. याचे कारण साक्षीदारालाच गुन्हेगार ठरवले जाते. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही. त्याला फक्त प्राणवायू दिसतो. एका सिलिंडरचा प्लग ठिणगी टाकीत नसेल, तर पेट्रोल न जळता बाहेर पडते आणि त्याबरोबर न वापरलेला प्राणवायूही. सेन्सर म्हणतो, लीन. त्याची साक्ष खरी असते. तिचा अर्थ मात्र उलटा असतो. सेन्सरच्या आधी धुराची नळी फुटली असेल, तर बाहेरची हवा आत शिरते आणि तो पुन्हा तेच सांगतो.

जाणता मेस्त्री म्हणून उलटतपासणी घेतो. मिश्रण लीन असल्याची तक्रार गाडी उभी असतानाच आहे आणि वेग वाढवला की नाहीशी होते काय? मग मॅनिफोल्डचे पॅकिंग किंवा रबरी नळी हवा धरीत असावी. जोर पडल्यावरच आहे काय? मग फिल्टर तुंबला असेल किंवा पंपाचा दाब उतरला असेल. रिचची तक्रार असेल तर इंजेक्टर गळतो काय हे पाहावे. शेवटी सेन्सरलाच तपासावे. मिश्रण मुद्दाम क्षणभर रिच केले असता त्याचा दाब झटकन चढला आणि सोडताच उतरला, तर साक्षीदार निर्दोष आहे. सेन्सर मरत नाही असे नव्हे. काजळीने, शिशाने, सिलिकॉनच्या वाफेने तो मरतो. पण मग त्याला कोणी मारले हेही शोधावे लागते, नाहीतर नवाही त्याच वाटेने जातो.

कधी कधी हा दोष इंजिनात नसतोच. तो टाकीत असतो. पेट्रोलात रॉकेल मिसळले की ते नीट वाफ होत नाही, इंजिन ठोके देते, काजळी साचते आणि उत्प्रेरकाचे आयुष्य घटते. आपल्या जिल्ह्याला ही भेसळ केवळ तांत्रिक बाब म्हणून आठवता येणार नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाच्या भेसळीस हटकणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. टाकीत काय पडते याची चौकशी एका कर्तव्यनिष्ठ अधिकाऱ्याने केली आणि तिची किंमत प्राणांनी मोजली. प्राणवायूची साक्ष घेणारे उपकरण गाडीत बसवणे सोपे आहे. खरी साक्ष काढणाऱ्या माणसाचे रक्षण करणे समाजाला अधिक कठीण जाते.

अलीकडे इथेनॉलमिश्रित इंधनाने या विषयास नवे वळण दिले आहे. २०२५ पर्यंत मिश्रणाचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉलच्या अंगीच प्राणवायू असल्याने अशा इंधनाला १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा भाग हवा पुरते. सेन्सर असलेली मोटार हे ओळखून फवारा थोडा वाढवते. जुन्या कार्बोरेटरच्या दुचाकीला हे कळत नाही. तिचे मिश्रण लीन होते. तेव्हा स्कॅनरवरील आकडा वाचताना टाकीत कोणते इंधन आहे हेही मेस्त्रीने विचारले पाहिजे.

या इतिहासाचा अर्थ आम्ही असा करतो की, उपकरण आले म्हणून विचार संपला नाही. तो पुढच्या पायरीवर गेला. कानाने निदान करणारा जुना उस्ताद आणि स्कॅनर हाती घेतलेला तरुण यांत थोर कोण हा वाद व्यर्थ आहे. उस्तादाने कारण शोधण्याची जी सवय लावली, ती तरुणाने आकड्यांवर चालवली म्हणजे झाले. आणि आपण गाडीचे मालक या नात्याने एवढे अवश्य करावे, की कोणता भाग बदलला एवढेच न विचारता, दोष कशामुळे आला हेही विचारावे. ज्या गॅरेजात या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळेल तेथे आपली गाडी नि:शंक द्यावी.