पूल, दप्तर आणि जिल्हा : श्रीरंगपट्टणच्या वेलस्ली पुलाचा मराठी संदर्भ

बंगळूरहून म्हैसूरकडे जाणारा जुना मार्ग श्रीरंगपट्टणच्या बेटात प्रवेश करण्यापूर्वी कावेरीचा उत्तर फाटा ओलांडतो. या फाट्यावरील दगडी पूल १८०४ मध्ये पूर्ण झाला. त्याला नाव मिळाले ते गव्हर्नर जनरल मार्क्विस वेलस्ली यांचे. उभारणी झाली ती म्हैसूरचे दिवाण पूर्णय्या यांच्या देखरेखीखाली. पुलाला कमान नाही. ग्रॅनाइटचे उभे खांब, त्यांवर आडवे दगडी हस्त आणि हस्तांवर टेकलेल्या तुळया, अशी ही मंदिराच्या मंडपाला परिचित असलेली रचना आहे. नाव साम्राज्याचे आणि बांधणी देशी, हे द्वंद्व पुलाच्या इतिहासात पुढेही कायम राहिले.

१७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूरच्या गादीवर पाच वर्षांच्या कृष्णराज वडियार यांना बसविण्यात आले. श्रीरंगपट्टणचे बेट मात्र ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःकडे राखले. त्यामुळे हा पूल दोन तीरांना जोडत होता, तसाच दोन सत्तांनाही. परंतु त्याचे लष्करी प्रयोजन फार काळ टिकले नाही. बेटावरील हिवतापामुळे १८०९ मध्ये ब्रिटिश फौजेचा तळ बंगळूरला हलविण्यात आला. तेथील छावणीचा उत्कर्ष आणि श्रीरंगपट्टणचा ऱ्हास या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू होत. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियारांना परत मिळाले, तेव्हा बंगळूरच्या छावणीच्या बदल्यात बेटही म्हैसूरकडे आले.

या परिसराशी मराठीचा संबंध तीन प्रकारचा आहे. पहिला तलवारीचा. १७७१ मध्ये त्रिंबकराव पेठे यांच्या फौजेने मेलकोटेजवळ हैदरअलीचा पराभव केला. मराठी इतिहासलेखनात ही लढाई मोती तलावाच्या नावाने ओळखली जाते. दुसरा संबंध बाजाराचा. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसचे सैन्य कन्नंबाडीहून उपासमारीच्या स्थितीत माघार घेत असताना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि मराठी छावणीच्या बाजारातील धान्याने इंग्रज सैन्य तगले. तिसरा संबंध लेखणीचा. हैदरच्या काळात महसुली हिशेब कन्नड आणि मराठी या दोन भाषांत ठेवले जात. टिपूने फारसीला पुढे आणले. देशस्थ ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले पूर्णय्या याच हिशेबी परंपरेतून हैदर, टिपू आणि वडियार अशा तीन राजवटींत टिकून राहिले व १८११ पर्यंत दिवाणपदी होते.

महाराष्ट्राबाहेरील मराठीचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी साहजिकच तंजावरकडे वळते. कावेरीच्याच काठी, पूल पूर्ण होण्याच्या आदल्या वर्षी, १८०३ मध्ये, सरफोजी राजांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरविला. तेथे मराठी राजकुलाची स्मृती झाली. वरच्या प्रवाहात, म्हैसूरमध्ये, ती कारभाराचे साधन राहिली. पहिली मराठी वाङ्मयेतिहासात आली, दुसरी बव्हंशी बाहेर राहिली. बहुभाषिक समाजात एखाद्या भाषेचे आयुष्य केवळ तिच्यात रचलेल्या काव्यावरून मोजता येत नाही, हे मान्य केल्यास ही विभागणी अपुरी ठरते. कोणत्या नोंदीसाठी कोणती भाषा निवडली गेली, हाही तौलनिक साहित्याचाच प्रश्न आहे.

तथापि या मराठी संदर्भाचे रूपांतर मालकीहक्कात करणे अनैतिहासिक ठरेल. दिवाणाच्या कुलावरून पूल मराठी ठरत नाही. शिवाय ज्या गावांनी मराठी स्वाऱ्या सोसल्या, त्यांच्या दृष्टीने मराठी ही प्रथम घोडदळाची भाषा होती. १७९१ मध्ये मराठी फौजेतील पेंढाऱ्यांनी शृंगेरी मठाची केलेली लूट त्या काळाचीच साक्ष देते. हिशेबाची भाषा आणि स्वारीची भाषा एकच असल्याचे भान ठेवूनच म्हैसूरमधील मराठीचा इतिहास लिहावा लागेल.

पुलाभोवतीच्या ग्रामीण प्रदेशाला आजचे प्रशासकीय रूप बऱ्याच उशिरा आले. कॉर्नवॉलिसने ज्या कन्नंबाडीहून माघार घेतली, तेथेच १९११ मध्ये कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. जुने कन्नंबाडी गाव पाण्याखाली गेले. कालव्याच्या पाण्याने कोरडवाहू नाचणीच्या रानांत भात आणि ऊस आला, १९३३ मध्ये मंड्याला साखर कारखाना निघाला आणि १९३९ मध्ये म्हैसूरपासून वेगळा मंड्या जिल्हा अस्तित्वात आला. ज्या नदीला ओलांडण्यासाठी १८०४ मध्ये पूल बांधला गेला, तिला अडविणे आणि वाटून घेणे हा विसाव्या शतकातील प्रश्न झाला. १९२४ चा म्हैसूर-मद्रास करार त्याचाच दस्तऐवज आहे.

महामार्गाची वाहतूक आता अन्य पुलांवरून जाते. वेलस्ली पूल उभा आहे. पण त्याचा अर्थ त्याच्या नावातून लागत नाही. त्यासाठी कन्नड भूमी, मराठी व फारसी दप्तर, इंग्रजी सत्ता आणि तमिळ प्रदेशाकडे वाहणारे पाणी यांचे एकत्र वाचन करावे लागते. एका भाषेच्या वाङ्मयेतिहासाच्या चौकटीत हे वाचन सामावत नाही, आणि म्हणूनच त्या चौकटीची फेरमांडणी आवश्यक ठरते.