हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेच, वेळ निराळा

'अंतर भागिले वेग म्हणजे वेळ' हे सूत्र आपण दरवर्षी वर्गात शिकवतो. गणितात अंतर आयते दिलेले असते. ते कोणत्या वाटेने मोजले, हे मात्र कोणी विचारत नाही. फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांमधील विमानप्रवासाचा इतिहास पाहिला, की या प्रश्नाचे मोल कळते.

३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल घेऊ. त्याचा परीघ सुमारे ९४ सेंमी, म्हणजेच पृथ्वीचे ४०,००० किमी. या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो साधारण १८.४ सेंमी भरतो. त्रैराशिकाने अंतर येते सुमारे ७,८०० किमी. हा बृहद्वृत्ताचा तुकडा म्हणजे गोलावरील सर्वांत जवळची वाट. ताशी ९०० किमी वेगाने ती पावणेनऊ तासांच्या आत संपावी. पण दोरा नीट पाहा : तो बहुतेक सगळा रशियावरून जातो.

प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता असते, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो करारात नमूद झाले. शीतयुद्धाच्या काळात, मोजक्या सवलती सोडता, सैबेरियाचे आकाश पाश्चात्त्य विमानांना बंद होते. युरोपातून जपानला जाताना दक्षिण आशियावरून मोठा वळसा पडे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन ते टोकियो ही सेवा उत्तर ध्रुवाकडून, अलास्कातील अँकरेजला थांबा घेऊन सुरू केली. सुमारे ५० तासांचा प्रवास ३२ तासांवर आला. ध्रुवाजवळ होकायंत्रावर भरवसा ठेवता येत नाही, शिवाय सारी रेखावृत्ते एकवटत असल्याने सरळ जाणाऱ्या विमानाचीही दिशा झपाट्याने बदललेली दिसते. म्हणून खास जायरोस्कोप आणि चौकटी आखलेले नकाशे वापरावे लागले.

१९८३ च्या एप्रिलमध्ये फिनएअरने हेलसिंकी ते टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली. जादा इंधनाची सोय केलेले डीसी-१० विमान ध्रुवाकडून, बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून जाई. वेळ लागे सुमारे १३ तास. त्याच वर्षी १ सप्टेंबरला, अँकरेजहून सोलला निघालेले एक कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे मेली. नकाशावरची हद्द ओलांडण्याची किंमत जगाला कळली.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, सैबेरियाचे आकाश अधिक मोकळे झाले आणि हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. आशियाला जवळचे युरोपीय शहर म्हणून हेलसिंकीचे महत्त्व वाढले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केले, रशियाने तेच उत्तर दिले. मार्चमध्ये फिनएअरची टोकियोची विमाने पुन्हा ध्रुवाकडे वळली, आणि वेळ पुन्हा १३ तासांच्या घरात गेला. चाळीस वर्षांत विमाने सुधारली, पण घड्याळ जिथल्या तिथे आले.

आता विद्यार्थ्यांना दोरा हेलसिंकी, उत्तर ध्रुव, बेरिंगची सामुद्रधुनी आणि टोकियो असा धरायला सांगू. तो २५ सेंमी भरेल, म्हणजे सुमारे १०,६०० किमी. रशियाचा किनारा टाळण्यासाठी प्रत्यक्षात यापेक्षाही जास्त उडावे लागते. जादा तास आणि जादा इंधन किती, हे त्यांनीच काढावे. भूगोल, गणित आणि इतिहास हे तीन तास त्या दिवशी एकच होतील.