प्रश्नपत्रिकेआधीचा प्रश्न

अमरावती-अकोल्याकडची मुले अभियांत्रिकीच्या पदव्या घेऊन अमेरिकेत गेली, तेथे स्थिरावली, आणि पुढे त्यांतल्या अनेकांनी आईवडिलांनाही बोलावून घेतले. या घरांतून नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास हा आता परिचित प्रकार झाला आहे. २००८ पासून या परीक्षेसाठी शंभर प्रश्नांची यादी होती. त्यांतले दहा विचारीत आणि सहांची उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण होई. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ही यादी १२८ प्रश्नांची झाली असून विसांपैकी बारा उत्तरे बरोबर यावी लागतात. यादी उत्तरांसह आधीच प्रसिद्ध असते. ‘अपेक्षित प्रश्नसंचा’वर वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटू नये. पंचावन्न वर्षे वय आणि पंधरा वर्षांचे कायम वास्तव्य असलेल्या अर्जदाराला तर इंग्रजीची अटही नाही. दुभाष्याच्या साहाय्याने तो मराठीतून उत्तरे देऊ शकतो. कायद्याचे राज्य म्हणजे काय, असे विचारले असता ‘कायद्यापेक्षा कोणीही मोठा नाही’ एवढे मराठीत सांगितले तरी पुरते.

परंतु परीक्षेला कोणी बसावे, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेच्या आधीचा आहे, आणि इतिहासात तोच अधिक अवघड ठरला. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने नागरिकत्वाचा दरवाजा फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’साठी उघडला होता. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. १९०६ च्या कायद्याने इंग्रजी बोलता येण्याची अट घातली आणि सारी प्रक्रिया एकसूत्री केली. अर्जदाराने न्यायाधीशासमोर उभे राहावे, साक्षीदार आणावेत, राज्यघटनेविषयी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, अशी ती पद्धत होती. मात्र हिंदी माणसाच्या बाबतीत उत्तरांपूर्वी त्याचा चेहराच तपासला जाई.

या इतिहासात मराठी कानाला ओळखीचे वाटणारे एक नाव भेटते : सखाराम गणेश पंडित. हे गृहस्थ मूळचे अहमदाबादचे. १९०६ च्या सुमारास ते अमेरिकेत गेले आणि व्याख्याने देऊ लागले. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांचा अर्ज मान्य केला. पुढे ते कॅलिफोर्नियात वकील झाले आणि एका गोऱ्या अमेरिकन स्त्रीशी विवाहबद्ध झाले. कोणत्याही परीक्षकाने आदर्श म्हणून दाखवावा असा हा नागरिक. तरीही १९२३ मध्ये सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यासाठी दावा लावला.

त्याचे कारण भगतसिंग थिंड यांचा खटला. थिंड पंजाबचे शीख. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांच्या बाजूच्या वकिलांत पंडितही होते. तीनच महिने आधी, ओझावा या जपानी अर्जदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरा’ म्हणजे ‘कॉकेशियन’ असा अर्थ लावला होता. त्या काळचे वंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानातील लोकांना कॉकेशियन मानीत होते. तेव्हा थिंड यांचा मार्ग सुकर व्हायला हवा होता. परंतु १९ फेब्रुवारी १९२३ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की, शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. शास्त्र सोयीचे होते तोवर शास्त्र, अडचणीचे होताच लोकसमजूत!

या खटल्याकडे अन्यायाची कथा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे, आणि अन्याय तर तो होताच. पण मला त्यातली दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करते. न्यायालयापुढचा प्रश्न ‘उच्चवर्णीय हिंदू गोरा मानावा काय’ अशा शब्दांत मांडला गेला. (थिंड शीख होते, हे त्या शब्दयोजनेत हरवले.) आणि बचावाचा युक्तिवादही त्याच वाटेने गेला : आम्ही आर्य आहोत, जातिबंधनांमुळे आमचे रक्त शुद्ध राहिले आहे, गोरा अमेरिकन काळ्यांशी जसा विवाहसंबंध टाळतो तसाच आम्ही इथल्या आदिवासींशी टाळतो. म्हणजे दारावर अडवलेला माणूस आत घेण्याची विनंती करताना, आपणही आपल्या घरी कोणाला तरी दारातच अडवतो, हे प्रमाणपत्र म्हणून दाखवीत होता. याच काळात, १९१३ ते १९१६, डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. मे १९१६ मध्ये त्यांनी तेथे जातिसंस्थेच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्यात जात ही रक्ताची किंवा वंशाची गोष्ट नसून विवाहाच्या निर्बंधांनी घडवलेली सामाजिक रचना आहे, अशी मांडणी होती. हा निबंध आणि थिंड यांची कैफियत शेजारी ठेवून वाचावीत, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सुचवतो.

थिंड निकालानंतर अनेक हिंदी लोकांची नागरिकत्वे रद्द झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. पंडितांनी मात्र लढा दिला. त्यांनी वंशाचा प्रश्न बाजूला ठेवला. १९१४ मध्ये सक्षम न्यायालयाने हा मुद्दा विचारात घेऊनच निकाल दिला होता, सरकारने तेव्हा दाद मागितली नव्हती. आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या न्यायालयीन मराठीत याला ‘प्राङ्न्याय’ म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीच्या परंपरेत प्रतिवादीच्या चार प्रकारच्या उत्तरांत हे एक आहे. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले, आणि सरकारला उरलेली प्रकरणे सोडावी लागली. मला हा विजय थिंड यांच्या कैफियतीपेक्षा स्वच्छ वाटतो. त्यात कोणालाही खाली ढकललेले नाही.

त्याच १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली आणि आंबेडकर तिचे अध्यक्ष होते.

वऱ्हाडच्या वाचकाला येथे आणखी एक गंमत जाणवेल. त्या काळी अमेरिकेच्या अर्जात, मी ज्याचा प्रजाजन आहे त्या राजाची निष्ठा सोडतो, असे राजाचे नाव घेऊन लिहावे लागे. पंजाबी माणसाला ते सोपे होते. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे असला, तरी सार्वभौमत्व कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचे होते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाखांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला, तरीही ते निजामाचेच राहिले. मॉंटफर्ड सुधारणांनंतर वऱ्हाडातून निवडून आलेल्या प्रतिनिधींची कायद्याच्या भाषेत ‘नियुक्ती’ करावी लागे, कारण वऱ्हाड म्हणजे काटेकोरपणे ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. अशा प्रांतातल्या अर्जदाराने निष्ठा सोडायची ती पंचम जॉर्जची की निजामाची? भल्या भल्या वकिलालाही येथे थबकावे लागले असते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. थिंड यांना १९३६ मध्ये माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने नागरिकत्व मिळाले. १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना तो हक्क दिला, पण वर्षाला फक्त शंभर जणांना प्रवेश ठेवला. १९५२ मध्ये नागरिकत्वातील वंशाची अट संपली आणि १९६५ नंतर प्रवेशाचे दार खऱ्या अर्थाने रुंदावले. आपल्याकडून गेलेल्यांची पिढी त्या दाराने गेली.

निष्ठा सोडण्याची शपथ मात्र टिकून आहे. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर ‘ओसीआय’ कार्ड मिळते, पण मतदानाचा हक्क मिळत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली तेवढी ठेवता येते. म्हणून परीक्षेची तयारी करणाऱ्या वऱ्हाडी गृहस्थाला १२८ प्रश्नांबरोबरच गावच्या तलाठ्याकडून सातबाराचा ताजा उताराही काढून ठेवावा लागतो.