फुकट धड्याचं कूळ

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात ब्रिटिश कौन्सिलचं कार्यालय आहे. आखातातून पुढे कॅनडा-ऑस्ट्रेलियाची वाट धरणाऱ्या मराठी माणसाला आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा सहसा चुकत नाही, आणि कौन्सिल तिच्या मालकांपैकी एक. याच कौन्सिलने 2015 मध्ये फ्यूचरलर्न या ऑनलाइन शिक्षणमंचावर या परीक्षेच्या तयारीचा मोफत अभ्यासक्रम काढला, तेव्हा साडेतीन लाखांहून अधिक लोकांनी नावं नोंदवली. अशा महाअभ्यासक्रमांचा जन्म सहसा 2011 च्या स्टॅनफर्डमध्ये सांगतात: संगणकतज्ज्ञ थ्रन आणि नॉर्विग यांचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग, दीड लाखावर विद्यार्थी. ही वंशावळ मला फार आखूड वाटते. फ्यूचरलर्न 2012 मध्ये काढलं ते ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटी या दूरशिक्षण विद्यापीठाने, आणि तिथून मागे जावं तर कूळ 1840 पर्यंत पोचतं.

त्या साली ब्रिटनमध्ये टपाल एका पेनीवर आलं आणि आयझॅक पिटमन पत्राने लघुलिपी शिकवू लागले. विद्यार्थी बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून धाडायचा, पिटमन तो तपासून परत पाठवायचे. धडा एकदा छापला की छापला. वेळ खायची ती तपासणी. ओपन युनिव्हर्सिटीचे वर्ग जानेवारी 1971 मध्ये सुरू झाले, तेव्हा बीबीसीवरची तिची व्याख्यानं घरात टीव्ही असलेला कुणीही बघू शकत होता. शुल्क भरून नाव घातलेल्यालाच मिळायचा तो ट्यूटर, म्हणजे निबंध वाचून, शेरे मारून परत करणारा माणूस. तेव्हा सर्वांना खुलं व्याख्यान ही काही इंटरनेटची करामत नव्हे. इंटरनेटने गर्दी वाढवली आणि त्या गर्दीत शेरे मारणारा गळाला.

त्याचा परिणाम आकड्यांत बघा: हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्स या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांत 2017-18 साली नोंदणी केलेल्यांपैकी फक्त 3.13 टक्के शेवटपर्यंत पोचले. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांत हेच प्रमाण 46 टक्के होतं. यावर म्हणतात की फुकट्या गर्दीतले बरेच नुसते डोकावायला येतात, त्यांना नापास कशाला धरायचं? ते रास्तच आहे. पैसे भरणारा मुळातच जिद्दीचा असतो, हेही खरं. पण जिद्दीच्यांतलेही निम्म्याहून अधिक वाटेत गळतात, त्याचं काय? दुसरा आक्षेप असा, की तपासणी आता यंत्र करतं. पर्यायी उत्तरं यंत्र बिनचूक तपासतं. आयईएल्टीएसच्या अडीचशे शब्दांच्या निबंधात मुद्दा कुठे भरकटला, हे मात्र 2015 च्या त्या वर्गात सांगणार कोण? खाली प्रतिक्रिया लिहिणारे सहविद्यार्थीच, आणि त्यांचंही इंग्रजी तेवढंच कच्चं. आपल्याकडे एनपीटेल या ऑनलाइन उपक्रमाने निदान हिशेब उघड ठेवला: आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत, प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर परीक्षा. तिथे सरकार पाठीशी आहे. फ्यूचरलर्नला तसा आधार नव्हता; आधी मोफत प्रवेशाला मुदत लागली, आणि 2022 च्या अखेरीस ते ग्लोबल युनिव्हर्सिटी सिस्टिम्स या खासगी शिक्षणसमूहाकडे गेलं.