सहावी ते आठवी : प्रत्येक विषयाच्या तासाला कृत्रिम बुद्धिमत्ता

शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायची म्हटले की संगणक कक्ष, आठवड्यातील एक तास आणि एक स्वतंत्र शिक्षक असे चित्र डोळ्यांसमोर येते. नववीच्या वर्गासाठी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासून हा ऐच्छिक विषय सुरू केला, तेव्हा त्याची रचना साधारण अशीच होती. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी मात्र दुसरी वाट अधिक उपयोगी पडते. या वाटेने भाषा, विज्ञान, गणित आणि समाजशास्त्र यांच्या नेहमीच्या तासांतच त्या तंत्राचा एकेक पैलू उलगडला जातो. यामागील कारण साधे आहे. यंत्राने विज्ञानात केलेली चूक विज्ञानाच्या शिक्षकाला लगेच उमगते, भाषेतील चूक भाषेच्या शिक्षकाला.

यंत्र ‘शिकते’ म्हणजे काय?

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही संज्ञा अमेरिकी गणितज्ञ जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली एका प्रस्तावात योजली. पुढच्या वर्षी डार्टमथ महाविद्यालयात त्या विषयावर अभ्यासवर्ग भरला. आरंभीच्या काळात बहुतेक यंत्रांना माणसाने नियम लिहून द्यावे लागत. आजची बहुसंख्य यंत्रे पुष्कळ उदाहरणे पाहून त्यांतील साम्य स्वतः शोधतात. या उदाहरणांच्या साठ्यास विदा, म्हणजेच डेटा म्हणतात. उदाहरणे अपुरी किंवा एकांगी असली, तर निष्कर्षही तसाच निघतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एवढी एक गोष्ट अनुभवाने कळली, तरी पायाभरणी झाली असे समजावे.

भाषा : मराठी की कोकणी?

गोव्यातील मुलांना मराठी व कोकणी या दोन्ही भाषा कानावरून परिचित असतात आणि दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात. याचा उपयोग करून संगणकाविनाही एक पाठ घेता येतो. फळ्यावर दोन्ही भाषांतील दहा-दहा वाक्ये लिहावीत. ‘यंत्र’ झालेल्या गटाने अर्थाकडे लक्ष न देता केवळ शब्द मोजायचे : ‘मी’, ‘आहे’ कोठे येतात, ‘हांव’, ‘आसा’ कोठे येतात. नंतर एक नवे वाक्य द्यावे. ओळखीचे शब्द असतील तर गट अचूक उत्तर देतो, नसतील तर अडखळतो किंवा दडपून चुकीचे सांगतो. ज्या भाषेतील मजकूर महाजालावर कमी, त्या भाषेत यंत्र अधिक का चुकते, याचे उत्तर मुले मग स्वतःच देतात.

याच तासाला दुसरा खेळ घेता येतो. ‘आकाशात काळे ढग दाटून आले आणि...’ हे वाक्य प्रत्येकाने पुरे करावे. बहुतेक वह्यांत ‘पाऊस’ आढळेल. गप्पा मारणारी यंत्रेही आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द अशाच रीतीने निवडतात. संभाव्य शब्द खरा असेलच असे नाही, हे मुलांच्या ध्यानी येते.

विज्ञान आणि गणित

सहावीतील वर्गीकरणाच्या पाठाला ‘टीचेबल मशीन’ या मोफत साधनाची जोड देता येते. आंब्याची व फणसाची पाने कॅमेऱ्यासमोर धरून यंत्राला दाखवायची आणि नंतर नवे पान ओळखायला द्यायचे. आंब्याची सर्व पाने पांढऱ्या कागदावर आणि फणसाची बाकावर ठेवून दाखवली असतील, तर यंत्र पानाऐवजी पार्श्वभूमीच ओळखू लागण्याचा संभव असतो. पान वाळलेले असले तरी घोटाळा होतो. नमुने कसे निवडावेत, हा विज्ञानातील मूळ प्रश्न येथे हाती लागतो.

गणिताच्या तासाला त्याच प्रयोगाची शेकडेवारी काढावी. समजा ५० पानांपैकी ४५ आंब्याची आणि ५ फणसाची आहेत. प्रत्येक वेळी डोळे मिटून ‘आंबा’ म्हणणारे यंत्रही ९० टक्के अचूक ठरते; फणसाचे मात्र एकही पान त्याला ओळखता आलेले नसते. जाहिरातीतील ‘अचूकता’ कशी वाचावी, याचा हा धडा सातवीच्या गणितात सहज बसतो.

समाजशास्त्र आणि इतिहास

जॉय बुओलाम्विनी आणि तिम्नित गेब्रू यांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण अधिकाधिक ०.८ टक्के होते. काळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत पोहोचले. हे आकडे नागरिकशास्त्रातील समतेच्या प्रकरणाला जिवंत करतात.

इतिहासात शिक्षकाने यंत्राकडून गोव्यावर एक परिच्छेद लिहून आणावा आणि मुलांनी तो पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावा. मुक्ती १९ डिसेंबर १९६१, जनमत कौल १६ जानेवारी १९६७, घटकराज्य ३० मे १९८७ : या तारखा, नावे आणि घटनांचा क्रम बरोबर आहे का? प्रत्येक विधानापुढे ‘पडताळले’ किंवा ‘आधार सापडला नाही’ असे लिहिण्याची सवय उत्तर शोधण्याइतकीच महत्त्वाची आहे.

वय, संमती आणि खासगीपणा

वर्गात मजकूर निर्माण करणारी साधने मुलांच्या हाती देण्यासाठी किमान वय १३ वर्षे असावे, असे युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवले आहे. सहावी-सातवीची पुष्कळ मुले त्याहून लहान असतात. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार (२०२३) १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. म्हणून लहान वर्गांत साधन शिक्षकाने हाताळावे, मुलांची नावे व छायाचित्रे त्यात घालू नयेत आणि चेहऱ्यांऐवजी पाने, शिंपले, नाणी यांचेच नमुने घ्यावेत.

आरंभ कसा करावा?

गोव्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कोडिंग व रोबोटिक्स शिक्षणाची ‘केअर्स’ योजना आहे. तीतील संगणक शिक्षक आणि विषय शिक्षक यांनी सत्राच्या आरंभी एकत्र बसून प्रत्येक विषयात एकच पाठ निश्चित केला, तरी वर्षाकाठी चार-पाच पाठ होतात. भाषेपासून सुरुवात केल्यास खडू-फळा पुरतो. मूल्यमापनात यंत्राने काय उत्तर दिले याला गुण नसावेत. ते उत्तर मुलाने का स्वीकारले किंवा का नाकारले, याच्या कारणाला असावेत.