केंदळचा निरोप्या

तिसरीत असताना माझ्या गणिताच्या वहीला ‘निरोप्या’चे कव्हर होते. आमच्या घरामागे मिशनच्या शाळेतले एक निवृत्त मास्तर राहत. त्यांच्याकडे ते मासिक येई. जुने अंक मास्तरीणबाई आम्हा पोरांना वह्यांसाठी देत, फक्त वरचे चित्र आधी कापून ठेवत. येशूचे चित्र दप्तरात कोंबले जाऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह. बाकीच्या मजकुराचे काय होते याची त्यांना फिकीर नव्हती. मला मात्र पाढे पाठ करता करता कव्हरावरच्या अर्ध्यामुर्ध्या ओळी वाचायची सवय लागली, आणि ‘निरोप्या’ हा शब्द डोक्यात बसला. पुढे साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात तीस वर्षे हजेऱ्या मांडताना, सुट्टीच्या दिवशी जिल्ह्याचा जुना कागद हुडकण्याचा नाद लागला, तेव्हा तो शब्द पुन्हा भेटला. हा लेख त्या शब्दाविषयी आणि तो निवडणाऱ्या एका जर्मन धर्मगुरूविषयी आहे.

राहुरी तालुक्यातले केंदळ हे नकाशात शोधावे लागेल असे गाव. १९०३ सालच्या एप्रिलमध्ये या गावाहून फादर हाइनरिश डोरिंग या जेजुइट धर्मगुरूंनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. जन्म जर्मनीतल्या बोखोल्टचा. मराठी कॅथलिकांचे हे मासिक शंभरी ओलांडून अजून चालू आहे. आता ते पुण्याहून निघते. मराठीत शंभर वर्षे चाललेली नियतकालिके बोटांवर मोजावीत इतकीच. त्यांतले एक केंदळला जन्मले, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातल्या शिकल्यासवरल्या माणसालाही ठाऊक नसते. श्रीरामपूरकडचे पत्रकार कामिल पारखे यांनी या विषयावर चिकाटीने लिहिले नसते, तर मलाही त्याचा धागा सापडला नसता.

नगर जिल्ह्याला ख्रिस्ती नियतकालिके नवीन नव्हती. अमेरिकन मराठी मिशन नगरला आले १८३१ मध्ये, आणि १८४२ मध्ये त्यांनी इथेच ‘ज्ञानोदय’ काढला. पण ते प्रॉटेस्टंट. त्यांचा रोख वादाचा होता: मूर्तिपूजेवर टीका, शास्त्री-पंडितांशी खंडनमंडन, त्याबरोबर भूगोल आणि खगोल. वाचक शहरातला, शिकलेला, चिडला तरी चालेल पण वाचेल असा. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी त्याच्या संपादनात आला. कॅथलिक मिशन नगरच्या खेड्यांत नंतर पोचले आणि त्याचा वाचक वेगळा होता. वळण, केंदळ, राहाता, संगमनेर, घोगरगाव अशा भागांत जे लोक या मिशनकडे वळले, ते बहुतेक गावकुसाबाहेरचे होते.

ते का वळले, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. १८७६-७८ चा दुष्काळ या जिल्ह्याने पाहिला. त्यानंतर १८९९-१९०० चा आला, जुनी माणसे ज्याला छपन्नचा दुष्काळ म्हणत. मासिक निघाले ते या दुसऱ्या दुष्काळानंतर तीनच वर्षांनी. पोटासाठी धर्म सोडला, असे टोमणे मी लहानपणी ऐकले आहेत, आणि मास्तरांच्या तोंडावर ते कोणी बोलत नसले तरी पाठीमागे बोलत. माझे मत सांगतो. भाकरीसाठी गेले असतील, गेले असणारच. पण ज्या माणसाला आपल्या गावात विहिरीला हात लावता येत नव्हता, त्याने भाकरी देणाऱ्याच्या दारात जाताना भाकरीबरोबर आणखी काय मागितले, हे टोमणे मारणाऱ्याने कधी विचारले नाही. शाळा मागितली, हे तर उघडच दिसते. आणि शाळा झाली म्हणजे वाचायला काहीतरी लागते.

आता नावाकडे येतो. जेजुइटांच्या प्रार्थना-चळवळीचे मुखपत्र फ्रान्समध्ये १८६१ साली निघाले. येशूच्या पवित्र हृदयाचा संदेशवाहक, अशा अर्थाचे त्याचे नाव. पुढे तशीच नियतकालिके जगभर कितीतरी भाषांत निघाली, आणि डोरिंग यांचे मासिक त्याच कुळातले. म्हणजे नावाची कल्पना त्यांची नव्हे. पण शब्द? त्यांच्यापुढे ‘दूत’ होता, ‘संदेश’ होता, ‘वार्ताहर’ होता. त्या काळच्या मराठी पत्रांची नावे पाहा: दर्पण, प्रभाकर, ज्ञानप्रकाश, ज्ञानोदय. सगळी उजेडाची आणि संस्कृतची. ‘दूत’ म्हटले की राजदरबार आठवतो, नाहीतर ‘देवदूत’. निरोप्या मात्र पायी येतो. त्याच्या पायांना धूळ असते. तो दारात उभा राहून सांगतो आणि पाणी पिऊन, किंवा पाणी न मिळताच, परत जातो.

आणि नगर जिल्ह्याच्या खेड्यात १९०३ साली निरोप्या कोण होता? महार. हे त्याचे वतनी काम होते. पाटलाचे बोलावणे घरोघर पोचवायचे, लोकांना चावडीवर गोळा करायचे, सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे धावायचे, वसूल तालुक्याला नेताना सोबत करायची, आणि कोणाच्या घरी मयत झाली की भर उन्हात वा पावसात परगावच्या सोयऱ्यांना सांगावा न्यायचा. बदल्यात थोडी वतनाची जमीन आणि बलुत्याचे धान्य, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. निरोप नेणारा नाही म्हणू शकत नसे. निरोप आपला नाही, हे त्याला ठाऊक असे. दुसऱ्याचे बोलणे आपल्या पायांवर वाहून न्यायचे, एवढाच त्याचा वाटा.

त्या माणसाच्या हातात ‘निरोप्या’ नावाचे मासिक आले, तेव्हा त्याला काय वाटले असेल? इथे निरोप त्याला आलेला होता. उलट दिशेने चालत कोणीतरी त्याच्या दारापर्यंत आले होते. डोरिंग यांनी हे सगळे जाणून नाव ठेवले, असा माझा दावा नाही. परदेशी माणूस भाषा कानाने शिकतो. आजूबाजूला जो शब्द रोज ऐकू येतो, तो उचलतो, आणि केंदळसारख्या गावात हा शब्द रोज ऐकू येत असणार. हा माझा तर्क आहे. पण मासिकाचे नाव अलंकार म्हणून आलेले नाही, ते गावाच्या व्यवहारातून आले आहे, एवढे मला ठामपणे म्हणावेसे वाटते.

आणखी एक गोष्ट आज लक्षात येत नाही. त्या काळी कॅथलिक मिस्सा लॅटिन भाषेत होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाट करून दिली. त्याआधी साठ वर्षे केंदळ-वळणचा ख्रिस्ती माणूस वेदीसमोर गुडघे टेकून अशी भाषा ऐकत होता, जी त्याला कळत नव्हती. प्रवचन आणि प्रार्थना मराठीत होत, पण उपासनेचा गाभा लॅटिनमध्येच. अशा वेळी दर महिन्याला धर्माविषयी, जगाविषयी, संसाराविषयी मराठीत लिहिणारा एक धर्मगुरू असणे, याला वजन आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यात लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. त्या कॅथलिक मराठीचा झरा पुन्हा वाहता व्हायला नगरच्या कोरड्या मुलखात विहीर खणावी लागली, हे मला मजेशीर वाटते.

याच काळातली दुसरी एक नोंद इथेच करून ठेवतो, कारण कोणी करत नाही. १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ सुरू केला आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो १९६७ पर्यंत चालवला. सत्यशोधकांचे साप्ताहिक. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको, हे त्यांचे पहिले सूत्र. आणि डोरिंग तर पेशानेच मध्यस्थ. राहुरी आणि नेवासे हे शेजारचे तालुके. दोन्ही पत्रे खेड्यातून निघाली, दोन्ही अशा वाचकांसाठी ज्यांना पुण्या-मुंबईच्या पत्रांनी वाचक मानलेच नव्हते. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात एकाला तळटीप मिळते, दुसऱ्याला तीही नाही.

डोरिंग स्वतः केंदळला फार राहिले नाहीत. १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. मग पहिले महायुद्ध आले आणि जर्मन असणे हाच गुन्हा ठरला. देशभरातल्या जर्मन नागरिकांना ब्रिटिशांनी जिथे कोंडले, ते मुख्य ठिकाण म्हणजे आमचे नगरच. त्या तळावर व्यापारी होते, खलाशी होते, मिशनरीही होते. पुढे अनेकांना बोटीने मायदेशी धाडले गेले. ज्या जिल्ह्यात जर्मन फादरांनी शाळा काढल्या, त्याच जिल्ह्याच्या छावणीत जर्मन म्हणून काटेरी तारांमागे राहायची पाळी त्यांच्या देशबांधवांवर आली. (दुसऱ्या महायुद्धातही हेच झाले, हाइनरिश हारर हा गिर्यारोहक तिबेटला पळण्याआधी काही काळ नगरलाच कैदेत होता.) डोरिंग यांना आपल्या धर्मप्रांतापासून दूर राहावे लागले. १९२१ मध्ये त्यांची नेमणूक झाली थेट जपानमध्ये, हिरोशिमाला. १९२७ मध्ये ते पुण्याला परत आले, १९४८ पर्यंत त्यांनी धुरा वाहिली आणि १९५१ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. ज्या हिरोशिमाला त्यांची नेमणूक झाली होती, ते शहर १९४५ च्या ऑगस्टमध्ये बेचिराख झाल्याचे त्यांनी पुण्यात बसून ऐकले असणार. तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते.

तोवर इकडे निरोप्यांचे काय चालले होते? १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. १९३५ मध्ये येवल्याला त्यांची घोषणा झाली. डिसेंबर १९३९ मध्ये श्रीरामपूरजवळच्या हरेगावला महार वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे बोलले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, त्याच हरेगावला मतमाउलीची यात्रा सुरू झाली. आज सप्टेंबरात तिथे लाखभर लोक येतात, त्यांत बिगरख्रिस्तीही पुष्कळ. एकाच गावात, एकाच दशकात, एकाच समाजाची माणसे दोन मंडपांत बसली. काही घरांत तर एक भाऊ या मंडपात आणि दुसरा त्या.

वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली. पण त्याआधीच, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, ख्रिस्ती झालेला महार अनुसूचित जातीतून बाहेर पडला होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत घेतले गेले. ख्रिस्ती बाहेरच राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नासाठी नेमला. आमच्या मास्तरांच्या नातवाने मला एकदा विचारले होते, “काका, गावाच्या लेखी आम्ही अजून तेच आहोत, मग सरकारच्या लेखी कधीपासून नाही?” मी हजेरीपटाचा माणूस, कोण हजर, कोण गैरहजर एवढेच मला मांडता येते. त्याला उत्तर देता आले नाही.

धर्मगुरूने सार्वजनिक प्रश्नावर किती बोलावे, हा वाद नेहमीचा आहे. नगरपुरते बघितले तर एक उदाहरण बोलण्यापेक्षा करण्याचे आहे. महायुद्धांनंतर या भागात स्विस जेजुइट दिसू लागले. त्यांतले फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये आले. १९७२ चा दुष्काळ त्यांनी इथे पाहिला. धान्य वाटून दुष्काळ हटत नाही, तो पुढच्या वर्षी परत येतो, हे त्यांच्या कामाच्या दिशेवरून दिसते. त्यांनी पाणलोटाचा रस्ता धरला. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था उभी केली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचे काम पाहायला पुढे लांबून लोक येऊ लागले. अट मात्र अशी की गावाने श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. फुकट काही नाही. ‘पोटासाठी’ हा जुना टोमणा मनात ठेवून मी दरेवाडीची टेकडी चढलो होतो. डोंगरावरचे चर सगळ्या जातिधर्मांच्या हातांनी खोदलेले होते आणि त्यांत मुरलेले पाणी खाली सगळ्यांच्या विहिरींना गेले होते. बाखर २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले.

मागच्या वर्षी मास्तरांच्या घरी गेलो. मास्तरीणबाई आता नाहीत. सुनेने माळ्यावरची ट्रंक काढून दिली. तिच्यात ‘निरोप्या’चा अंक एकही नव्हता, ते सगळे आम्हा पोरांच्या वह्यांवर संपले होते. तळाशी एका पिशवीत कापून ठेवलेली चित्रे होती, एकावर एक नीट लावलेली, आणि मागच्या बाजूला अर्धवट तुटलेल्या ओळी. मी चष्मा लावून त्या ओळी जुळवायला बसलो. सुनेने चहा ठेवला आणि म्हणाली, “भाऊ, न्या घरी. इथं कोण वाचतंय?”