चेटूक, खटला आणि शेजार

चेटकिणींच्या छळाच्या इतिहासात पाऊल टाकणाऱ्या वाचकाला काही समजुती उंबऱ्याबाहेरच ठेवाव्या लागतात. हा मध्ययुगाचा इतिहास आहे, ही त्यातली पहिली. युरोपात चितांचा खरा भडका उडाला तो साधारण १५६० ते १६३० या काळात. गॅलिलिओ दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहत होता, तो काळही यातच येतो. बळींची संख्या नव्वद लाख, हा अठराव्या शतकातला ढोबळ हिशेब अजून लोकांच्या तोंडी असतो. आजचे अभ्यासक ती ४० ते ६० हजार मानतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया. आइसलंडमध्ये मात्र बहुतेक पुरुष.

भीती घरगुतीच असे. गाय आटली, मूल दगावले, गारांनी पीक झोडपले की शेजारणीशी झालेले जुने भांडण आठवायचे. लिओनबर्ग गावात एका काचकाम्याच्या बायकोने आपल्या दुखण्याचे खापर काटारिना केप्लर या वृद्धेने दिलेल्या पेयावर फोडले. तिचा मुलगा म्हणजे ग्रहगतीचे नियम मांडणारा योहानेस केप्लर. आईच्या बचावासाठी तो स्वतः उभा राहिला. चौदा महिने साखळदंडात काढून, छळाची हत्यारे समोर मांडली तरी कबुली न देता, ती १६२१ मध्ये सुटली.

अशी सुटका विरळाच. शेजाऱ्यांच्या संशयातून एखाद-दुसरा बळी जाई. शेकडो बळी जायला न्यायालय लागे. ‘चेटकिणींच्या मेळाव्यात आणखी कोण होते?’ असे यातना देत विचारले की प्रत्येक कबुलीतून नवी नावे निघत. बाम्बर्गचा महापौर योहानेस युनियुस १६२८ मध्ये याच साखळीत सापडला. आपण निर्दोष आहोत, कबुली यातनांपोटी दिली, हे त्याने तुरुंगातून मुलीला चोरून धाडलेल्या पत्रात लिहिले. मला विचाराल तर या विषयाची सुरुवात त्या पत्रापासून करावी. लगोलग सालाझार फ्रियासचे अहवाल वाचावेत. हा स्पेनच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, अधिकारी. बास्क प्रदेशात शेकडो कबुल्या पडताळून, जादूटोण्याचा एकही पुरावा नाही, असे त्याने वरिष्ठांना कळवले. १६१४ मध्ये तिथे अशा खटल्यांतल्या पुराव्याचे नियम कडक झाले. लोकांची भीती तशीच राहिली, पण तिला न्यायासनाचा आधार उरला नाही.

मात्र न्यायालयामुळे संशय पसरतो, हे स्पष्टीकरण युरोपाबाहेर ताणताना सांभाळावे. सातपुड्यातल्या भिल्ल वस्त्यांत बाईला डाकीण ठरवण्यात भगताचा शब्द चालतो. तिथे शिक्षा सुनावणारे न्यायालय नसते, उलट महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. मग तिथे संशय कुणाच्या बळावर पसरतो, हा प्रश्न मराठी अभ्यासकाच्या अगदी हाताशी आहे.